उ: सगळे संत एकच सांगतात, मग भांडण कशाला?

या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की सगळ्या धर्मांतले गूढवादी, म्हणजे देवाचा थेट अनुभव सांगणारे संत, शेवटी एकच बोलतात, फरक फक्त कर्मकांडाचा, मग त्यावरून भांडायचं कशाला. निम्मं पटलं. पण म्हणून कर्मकांडावर बोलूच नये, हे काही पटत नाही. सोळाव्या शतकातलं एकनाथांचं हिंदु-तुर्क संवाद हे भारुड बघा, त्यात हिंदू आणि तुर्क (म्हणजे मुसलमान) चक्क वचावचा भांडतात. तुर्क दखनी (दक्षिणेतल्या जुन्या हिंदी-उर्दू) ढंगात हिंदूच्या दगडपूजेची आणि पाण्यातल्या डुबक्यांची टर उडवतो, तर हिंदू विचारतो की देव सगळीकडे आहे ना, मग पश्चिमेकडेच तोंड का, बाकीच्या दिशा काय ओस पडल्यात? एकमेकांच्या पुराण-कुराणातलं दोघांना बऱ्यापैकी माहीत आहे म्हणून ही भांडाभांडी रंगते, आजकालच्या व्हॉट्सअ‍ॅप ज्ञानावर हे जमणार नाही (असो). शेवटी गळाभेट होते, पण ती असं सगळं तोंडावर बोलून झाल्यावर.

आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद कुणीच काढले नाहीत इथे, त्याचं नवल वाटलं. सतराव्या शतकातले, 'योगसंग्राम' लिहिणारे. वारकऱ्यांनी त्यांना संत मानलं, पण त्यांनी स्वतःचं मुसलमान असणं लपवलं नाही, उलट 'शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद' असं नावानिशी सांगितलं (अविंध म्हणजे मुसलमान).