बातमीपत्र ईमेलनेच पाठवत राहायचं का?

निफाडची बागवाली:
आमच्या गटाचं द्राक्षसल्ल्याचं बातमीपत्र दर पंधरवड्याला ईमेलने जातं. माझं स्पष्ट मत आहे की ईमेल बंद करून सगळं व्हॉट्सॲप चॅनेलवर न्यावं. ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची) झाल्यावर पाऊस पडला, की डावणी रोगाची फवारणी त्याच दिवशी ठरवावी लागते. आमचं ईमेल जीमेलच्या 'प्रमोशन्स'मध्ये पडून राहतं. शेतकरी ते उघडतो तोवर पानांवर तेलकट डाग आलेले असतात. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट एका वेळी २५६ जणांपुरतीच, शिवाय समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला हवा. चॅनेलला ही कटकट नाही. फॉलोअरचा नंबरही इतरांना दिसत नाही, बायकांना ते फार सोयीचं.

फीडवेडा:
ताई, पूर्ण विरोध. ईमेलची यादी तुमची आहे. पाठवणारी सेवा उद्या बदलली तरी ती बरोबर येते. चॅनेलचे फॉलोअर उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. जर्मनीत बऱ्याच वृत्तपत्रांनी व्हॉट्सॲपवरून बातमीपत्रं सुरू केली होती. कंपनीने ७ डिसेंबर २०१९ पासून असे घाऊक संदेश बंद केले आणि त्यांना वाचक दुसरीकडे वळवावे लागले. त्यापेक्षा आरएसएस फीड द्या, म्हणजे नवा अंक आला की वाचकाच्या ॲपमध्ये आपोआप दिसेल. वाचकाला पत्ता किंवा नंबर द्यावा लागत नाही, मधे स्पॅमची चाळणी नाही, आणि प्रत्येक अंक आपल्या संकेतस्थळावर राहतो.

पिंपळगावकर:
आरएसएस १९९९ पासून आहे, पण आमच्या गावात फीड रीडर, म्हणजे असे फीड वाचायचं ॲप, वापरणारा मला तरी भेटलेला नाही. गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झाला, तेव्हा शहरातल्यांनीही ती सवय सोडली. बागेत चिखलाने भरलेले हात असताना माणूस वाचत नाही, ऐकतो. तीन मिनिटांचा आवाजी सल्ला द्या.

फीडवेडा:
दादा, पॉडकास्ट आरएसएसवरच चालतं! ऐकणाऱ्याला ते नाव माहीत असण्याची गरज नसते. तुमचा आवाजी सल्ला फीडमधून सोडला, तर कुठल्याही पॉडकास्ट ॲपमध्ये पोचेल.

टपालतंत्र:
सगळे ईमेलला मोडीत काढायला निघालेत, पण दुरुस्ती कोणी केली का? फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केलेत. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, म्हणजे पत्र खरंच आपणच पाठवलंय हे पटवणाऱ्या नोंदी, नीट लावलेल्या नसतील, तर पत्र स्पॅममध्ये जाण्याची किंवा परत येण्याची शक्यता मोठी. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मजकूर कापतं. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून तेवढाच मजकूर इंग्रजीपेक्षा लवकर कापला जातो. फवारणीचं वेळापत्रक तळाशी टाकत असाल, तर ते दिसतच नसेल. ईमेल छोटं करा, पूर्ण अंकाचा दुवा द्या. मग बोला.

पिंपळगावकर:
सर, आमच्याकडे साठी ओलांडलेले कित्येक बागायतदार ईमेल उघडतच नाहीत. त्यांच्यापुढे डीमार्कचं काय करू? एसएमएस तरी पाठवा.

टपालतंत्र:
देवनागरी एसएमएसला ७० अक्षरं मिळतात. घाऊक पाठवायचं तर डीएलटीवर (घाऊक एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेवर) नोंदणी करून प्रत्येक साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. पावसाचा इशारा जाईल, सल्ला मावणार नाही. मग कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर छापील पान लावा, ते यापेक्षा जास्त वाचलं जाईल. हे मी मनापासून सांगतोय.

निफाडची बागवाली:
भिंतीवरचं पान आम्ही नक्की लावू. आवाजी सल्लाही आवडला. पण मुख्य मुद्द्यावर मी ठाम आहे. फीडवेडा, यादी कुणाची हा प्रश्न संपादकाचा आहे. बागायतदाराचा प्रश्न एवढाच, की आज फवारू की उद्या? ज्या माध्यमात तो दिवसभर असतो तिथेच उत्तर पोचलं पाहिजे.

फीडवेडा:
इशारा चॅनेलवर द्या, मान्य. पण चॅनेल सुरू झाले तेव्हा व्हॉट्सॲपने सांगितलं होतं, की जुना मजकूर त्यांच्या सर्व्हरवर जास्तीत जास्त ३० दिवस राहील. एप्रिलच्या खरड छाटणीला मागच्या वर्षीचा सल्ला कोणी मागितला, तर कुठून काढून देणार? ईमेल बंद करण्याआधी सगळे जुने अंक संकेतस्थळावर चढवा आणि ईमेलची यादी उतरवून आपल्याकडे ठेवा. एवढं झाल्याशिवाय माझा विरोध कायम आहे.