मदत हवी आहे: दादाच्या कॉमेंट्रीची कॅसेट, टेपला बुरशी
लहानपणी दादा नि मी टेपरेकॉर्डरवर क्रिकेटची कॉमेंट्री भरायचो, १९९६ च्या वर्ल्डकपात बेंगळुरूला प्रसादनं सोहेलचा दांडा उडवला ती ओव्हर तर दादानं अंगणात परत खेळून भरलीय, मागं आईची जेवायची हाकपण आहे. ती ६० मिनिटांची कॅसेट आता खानापूरच्या घरी सापडली पण टेपला पांढरी बुरशी आलीय. पेन्सिलनं फिरवली, फिरते, तुटलेली नाही. प्लेअरला लावली नाही, घाण हेडला लागेल म्हणून. बेळगावात दोन दुकानात विचारलं तर टाकून द्या म्हणाले (असलं कोण टाकतंय होय!). कुरिअर नको, एकच कॉपी आहे. दादा गणपतीला येतोय, त्याच्याआधी पेन ड्राइव्हवर पाहिजे. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली तर आवाज जाईल काय? आणि बेळगाव, निपाणीकडं हे करून देणारं कुणी आहे काय?