फ्लोटची उंची कमी भरते आहे. जिभली वाकवावी का? सल्ला हवा

धागाकर्ता:
माझ्या एका सिलिंडरच्या मोटारसायकलचा कार्ब्युरेटर साफ करून बसवल्यापासून, पेट्रोलचा कॉक उघडा राहिला की थोड्याच वेळात ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकू लागते. कार्ब्युरेटर उलटा ठेवून व्हर्नियरने मोजले असता फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) उंची 20.5 मिमी भरली. गाडीच्या पुस्तिकेत ती 22 मिमी दिली आहे. उंची कमी म्हणजे बाउलमधील (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीतील) पेट्रोलची पातळी जास्त, हे मला ठाऊक आहे. तर फ्लोटची जिभली (नीडलला ढकलणारी पट्टी) वाकवून 22 मिमी साधावी का?

प्रतिसाद १:
कृपया जिभलीला अजून हात लावू नये. आपला तर्क बरोबर आहे, पण मोजमापाविषयी मला शंका आहे. अनेक फ्लोट नीडलच्या (बाउलमध्ये येणारे पेट्रोल बंद करणाऱ्या सुईच्या) मागच्या टोकाला स्प्रिंगवर बसवलेली बारीक पिन असते आणि कार्ब्युरेटर पूर्ण उलटा ठेवला की फ्लोटच्या वजनाने ती आत दबते, त्यामुळे उंची खऱ्यापेक्षा कमी दिसते. त्या आकड्यावर विसंबून जिभली वाकवली, तर पातळी प्रत्यक्षात हवी त्याहून खाली जाईल आणि थ्रॉटल पूर्ण उघडून गाडी चालवताना इंजिनाला पेट्रोल अपुरे पडेल. कार्ब्युरेटर तिरपा धरून हळूहळू कलवावा आणि जिभली पिनला नुसती टेकताच, पिन दबण्यापूर्वी, गास्केट काढलेल्या पृष्ठभागापासून फ्लोटच्या सर्वांत दूरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे.

साफसफाईनंतर लगेच गळती सुरू झाली, म्हणजे माझ्या मते दोष नीडल आणि तिच्या सीटमध्ये (ती जिथे टेकते त्या छिद्रात) असण्याची शक्यता अधिक. नीडलच्या निमुळत्या टोकावर गोल खाच पडली असेल तर ती बदलावी. सीटमध्ये कण अडकला असेल तर मऊ कापसाने पुसून काढावा, तार घालू नये. फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल शिरले आहे का, हेही पाहावे.

प्रतिसाद २:
वरील सल्ल्याशी सहमत आहे. मात्र उंची हे साधन आहे, इंजिनाला कळते ती पातळी. बाउलच्या ड्रेनच्या (पेट्रोल काढून टाकण्याच्या) तोटीला पारदर्शक नळी लावून ती बाउलच्या बाजूने वर धरावी, गाडी सरळ उभी करावी (साइड स्टँडवर मुळीच नको), कॉक उघडावा आणि ड्रेन स्क्रू सैल करावा. नळीत पेट्रोल जिथे स्थिरावेल ती बाउलमधील खरी पातळी; ती पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावी. हे काम उघड्या हवेत, इंजिन थंड असताना करावे.

धागाकर्ता:
तिरपा धरून मोजल्यावर उंची बरोबर 22 मिमी भरली. नीडलच्या टोकावर खाच होती. नवी नीडल बसवल्यावर ठिबकणे थांबले आणि नळीतील पातळीही योग्य आली. दोघांचे मनःपूर्वक आभार.

प्रतिसाद १:
एवढे दिवस पेट्रोल वाहत होते, म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी ऑइल अवश्य पाहावे. त्याला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली दिसली, तर ते ऑइल बदलावे.