जनमत कौल आणि वृत्तपत्रे : मत घडले की उमटले?

म्हापसेकर : गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने आणि ‘राष्ट्रमत’ विरोधात उभे होते, दोन्ही मराठी दैनिके. त्यांनी लोकमत घडवले, की असलेलेच छापले?

फोंडेकर : दोन्ही. आमच्या वाड्यावरच्या चहाच्या दुकानात एकजण अग्रलेख मोठ्याने वाची आणि निरक्षरही त्यावर वाद घालत, असे वडील सांगत. विलीनीकरणविरोधी बाजू मराठीतून मांडली गेली, म्हणूनच ती मराठी वाचकाच्या घरात पोचली, असे मला ठामपणे वाटते.

मडगावकर : विलीनीकरणविरोधी बाजू जिंकली त्या ३४,०२१ मतांच्या फरकात लेखणीचा वाटा असणारच. मात्र भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांच्या संबंधांतली जुनी सल कोणत्याही संपादकाने निर्माण केलेली नव्हती.

म्हापसेकर : पटले. आज व्हॉट्सॲपवरच्या निनावी मजकुराबद्दल जाब विचारायला संपादकच नसतो, याची मला अधिक काळजी वाटते.