मदत हवी आहे: पुणे ते तंजावर, स्वतःच्या गाडीने, आई-बाबांसोबत (मधे पाँडिचेरी)

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन गाडीने तंजावरपर्यंत जायचं ठरतंय. बाबा ७४, आई ७०. चालवणारे दोघं, मी आणि बायको. हाताशी अकरा दिवस आहेत. पोंगलची गर्दी ओसरलेली असेल आणि ऊन अजून चढलेलं नसेल, म्हणून फेब्रुवारी.

कारण आधी सांगतो, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. तंजावरच्या बृहदीश्वराच्या प्राकारात भोसले घराण्याची हकीकत सांगणारा भलामोठा मराठी शिलालेख आहे, दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला. बाबांनी तो वर्गात दरवर्षी सांगितला, डोळ्यांनी कधी पाहिला नाही. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर पहिलं वाक्य काय, तर "आता तंजावरची भिंत वाचता येईल."

आईचं माहेर गुहागर. तिचं मागणं एवढंच, की आमच्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, तो समुद्रातून वर येताना एकदा बघायचाय. म्हणून पाँडिचेरी.

आखलेला रस्ता असा: पहिला मुक्काम हुबळी, दुसरा बंगळूर ओलांडून होसूरला. तिसऱ्या दिवशी तिरुवण्णामलै. तिथून जिंजीवरून पाँडिचेरी, तिथे दोन रात्री. मग चिदंबरम करून कुंभकोणम, दोन रात्री. शेवटी तंजावर आणि तिथून त्रिची-सेलममार्गे परत.

खरी धास्ती दुपारची आहे. तीन वर्षांपूर्वी दक्षिणेतल्याच एका देवळात मी वेळा न बघता सगळ्यांना घेऊन गेलो. पावणेएकला पोचलो तर दार बंद, उघडणार चारला. आई तेवढा वेळ गोपुराच्या सावलीत पायरीवर पदर डोक्यावर घेऊन बसून होती. बोलली काहीच नाही, पण ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाहीये.

तर विचारायचं हे, की दिवस कसे बसवू म्हणजे बंद दारापुढे बसावं लागणार नाही? आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धा तास चालते, चढ नको. जिंजीला तिच्यासाठी काही आहे का? आणि परतीला श्रीरंगम घ्यावं की सोडावं?

प्रतिसाद १

आम्ही दोनदा गेलोय या भागात. एक नियम पाळा: सकाळी देऊळ, दुपारी गाडी, संध्याकाळी देऊळ. बहुतेक मोठी मंदिरं बारा-साडेबाराला बंद होतात आणि चारच्या आसपास उघडतात. चिदंबरमला तर संध्याकाळचे पाचच धरून चला. तुमचे टप्पे छोटे आहेत, त्यामुळे हे जमतं. पाँडिचेरी ते चिदंबरम सत्तरेक किलोमीटर आहे. सकाळी साडेसातला निघालात की नटराजाचं दर्शन निवांत होतं. जेवून दुपारी निघा, वाटेत गंगैकोंडचोळपुरम लागेल, ते चारनंतर करा आणि तिन्हीसांजेला कुंभकोणम गाठा. राजेंद्र चोळाचं हे देऊळ तंजावरपेक्षा शांत आहे, हिरवळीवर आईंना बसताही येईल.

जिंजी मात्र चुकवू नका. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेला किल्ला, पुढे राजाराम महाराजांनी इथूनच मोगलांच्या वेढ्याला कित्येक वर्षं तोंड दिलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा मराठा किल्ल्यांत महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. राजगिरीचा चढ अवघड आहे, त्या वाटेला जाऊच नका. पायथ्याशी कल्याणमहाल आणि धान्याची कोठारं आहेत, तेवढं सपाटीवरून फिरता येतं. बाबांना तिथून हलवणं कठीण जाईल.

तिरुवण्णामलैला पौर्णिमा येत नाही ना, हे आजच पंचांगात बघा. अरुणाचल डोंगराच्या गिरिप्रदक्षिणेला त्या रात्री लोटच्या लोट येतात, गाडी लावायलाही जागा मिळत नाही.

प्रतिसाद २

पाँडिचेरीचं मी सांगते, नणंद तिथे आहे. समुद्राकाठचा रस्ता संध्याकाळपासून सकाळी साडेसातपर्यंत गाड्यांना बंद असतो. सूर्योदयासाठी गाडी मागच्या गल्लीत लावून पाच मिनिटं चालावं लागेल, पण सगळी सपाटी आहे आणि बसायला कट्टाही आहे. फेब्रुवारीत साडेसहाच्या सुमारास सूर्य वर येतो, सहालाच जाऊन बसा. गुहागरसारखी लांबलचक वाळू नाही हं, बहुतेक काठाला काळे दगड रचलेत. आईंना आधी सांगून ठेवा. तिथून मनकुळ विनायगर हे गणपतीचं देऊळ जवळच आहे, परतताना दर्शन होईल. ऑरोविलचं मातृमंदिर आतून बघायचं तर आधी नोंदणी लागते.

आणि जाड मोजे घ्या, प्रत्येकाला दोन जोड. तंजावरचं अंगण प्रचंड मोठं आणि दगडी आहे. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दहानंतर फरशी तापते. शिलालेख वाचायला बाबा उभे राहणार, तेव्हा एक घडीचं स्टूल घ्या. सकाळी लवकर, म्हणजे लवकरच जा.

कुंभकोणमहून मायिलाडुतुरैच्या रस्त्याला गोविंदपुरम आहे. तिथे विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं मंदिर आहे. तमिळ मुलखात "विठ्ठल विठ्ठल" ऐकून माझ्या सासूबाईंचे डोळे भरून आले होते.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. पंचांग बघितलं, तिरुवण्णामलैचा मुक्काम पौर्णिमेच्या आसपास येत होता, म्हणून निघणं एक आठवडा पुढे ढकललं. श्रीरंगम सोडतोय. त्याऐवजी तंजावरला एक रात्र वाढवतो, म्हणजे बाबांना शिलालेखाला दोन सकाळी मिळतील आणि मधल्या दिवशी सरस्वती महाल ग्रंथालयही होईल. परतीचे तीन दिवस तसेच राहतात, आणि निघण्याआधीचा एक दिवस रजेचा वाढवून घेतलाय.

गोविंदपुरमचं आईला वाचून दाखवलं. ती उठून कपाटातून टाळ काढून आली.

आता एकच राहिलं: तिरुवण्णामलैच्या अरुणाचलेश्वराला आत बरंच चालावं लागतं असं ऐकलंय. गोपुरापासून गाभाऱ्यापर्यंत चाकाची खुर्ची नेता येते का? कुणी वयस्कर माणसांना नेलं असेल तर कृपया सांगा.