मदत हवी आहे: महसीरचे सगळेच नमुने संकरित दिसताहेत

मुठाकाठ (पुणे):
दख्खनी महसीर मासा (टॉर खुड्री) आणि कावेरीतला कुबडी महसीर (टॉर रेमादेवी) यांचा संकर झालाय का, हे तपासायचं आहे. पंखाच्या तुकड्यांतून डीएनए, रॅड सिक्वेन्सिंग (जीनोममधल्या हजारो ठरावीक जागांचेच तुकडे वाचणं), तुकडे जुळवायला संदर्भ म्हणून रोहूचा जीनोम. भीमा खोऱ्यातले १२ दख्खनी, मोयार नदीतले १२ कुबडी, कावेरीतले १६ संशयित. शुद्ध धरलेल्या २४ माशांतही हजारो जागा हेटेरोझायगस (आईवडिलांकडून वेगवेगळी रूपं आलेल्या) येतात. काही संशयितांचा मायटोकॉन्ड्रिया (पेशीतला वेगळा छोटा डीएनए) दख्खनी निघतो, तेवढ्यावर संकर म्हणावं का? यातून नवी जात घडू शकते का?

गाळपेर:
घोळ संदर्भ-जीनोममध्ये आहे. रोहूची गुणसूत्रं ५०, महसीरची १००. महसीरच्या पूर्वजांत जीनोम दुप्पट झालाय, त्यामुळे त्याच्या दोन्ही प्रती रोहूच्या एकाच जागी येऊन बसतात. प्रतींमध्ये कायमचा फरक असला की प्रत्येक मासा तिथे हेटेरोझायगस दिसणारच. टॉर वंशातलाच जीनोम घ्या, नाहीतर स्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये डीनोव्हो (संदर्भाशिवाय, तुकडे एकमेकांशीच जुळवून) करा. मग एचडीप्लॉट (चिकटलेल्या प्रतींच्या जागा गाळायची पद्धत). खऱ्या हेटेरोझायगस जागी दोन अलीलचे (एकाच जागेच्या दोन रूपांचे) रीड, म्हणजे वाचलेले तुकडे, निम्मे-निम्मे पडतात, चिकटलेल्या प्रतींत बऱ्याचदा एकास तीन. रीड फार कमी असले तर हा फरक नीट ओळखू येत नाही.

ही गाळणी ४० माशांवर एकत्र मात्र लावू नका! पहिल्या पिढीचा संकर दोन जातींना वेगळं करणाऱ्या प्रत्येक जागी हेटेरोझायगस असतो. 'हेटेरोझायगस जास्त' म्हणून नेमक्या त्याच जागा उडतील. शुद्ध गटांवर वेगवेगळी लावा, उरलेल्या जागांची यादी सगळ्यांना वापरा.

दख्खनी नमुने हॅचरीतले (मत्स्यबीज केंद्रातले) नाहीत ना? लोणावळ्याजवळ वळवणला हिमालयी महसीरही वाढवला गेलाय.

पाणकणीस:
मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. संशयित मासा कावेरीत आणून सोडलेल्या दख्खनीची शुद्ध पिल्लावळही असू शकतो. अ‍ॅडमिक्स्चरवरही (प्रत्येक माशात कुठल्या जातीचा किती वाटा, हे काढणारा प्रोग्राम) थांबू नका, पहिली आणि दुसरी पिढी दोन्ही तिथे ०.५ च्या आसपास येतात. दोन्ही जातींना पूर्ण वेगळं करणाऱ्या जागांवर हेटेरोझायगस प्रमाण काढा: पहिल्या पिढीत जवळपास १, दुसऱ्या पिढीत ०.५ च्या आसपास. कुबडीशी पुन्हा संकर झाला असेल तरी प्रमाण ०.५ च येतं, पण दख्खनी वाटा ०.२५ वर उतरतो.

नव्या जातीचं म्हणाल तर, आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिड माशांच्या मुळाशी काँगो आणि नाईलकडच्या दोन वंशांचा जुना संकर आहे, हे २०१७ मध्ये जीनोमवरून दाखवलं गेलं. लाल प्रकाश टिपणाऱ्या ऑप्सिनचे (डोळ्यातल्या प्रथिनाचे) दोन गट त्या दोन वंशांकडून आले; उथळ आणि खोल पाण्यातल्या जाती वेगळ्या होण्यात ते उपयोगी पडले. पण तिथे सरोवरात नव्या जातींना राहायला-खायला रिकाम्या जागा होत्या. कावेरीत एकीकडून दख्खनीचं मत्स्यबीज सोडत राहिलं तर कुबडीचे जीन पातळ होत जातील. आधीच अतिसंकटग्रस्त जात आहे ती.

मुठाकाठ:
आभार! नमुने नदीतलेच आहेत. डीनोव्होत मोठा एम (M, एका माशातले दोन तुकडे एकाच जागेचे धरताना चालणारे फरक) किती ठेवू?

गाळपेर:
१ ते ६ चालवून बघा. कमी ठेवला तर एकाच जागेचे अलील फुटतात, जास्त ठेवला तर प्रती पुन्हा चिकटतात. दोन जाती एका कॅटलॉगमध्ये (सगळ्या माशांच्या जागांच्या सामायिक यादीत) आहेत, म्हणून एन (n, वेगवेगळ्या माशांत चालणारे फरक) हा एमपेक्षा एकाने जास्त.