हौशी लाकूडकामासाठी रेडीमेड छोटा सीएनसी राउटर घ्यायचाय, ठाण्यात फ्लॅटमध्ये ठेवणार. कुठला घेऊ?

पाटीवाला_घोडबंदर:
नमस्कार मंडळी. लाकडाची हौस जुनी आहे, घरात रंधा, जिगसॉ, ट्रिमर (हातातला छोटा राउटर) असं सगळं आहे, आता हातानं कोरून कोरून बोटं गेली म्हणून सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या डिझाइनवरून आपोआप कोरणारं मशीन, घ्यायचं डोक्यात बसलंय. स्वतः जोडत बसायला वेळ नाही, रेडीमेडच हवंय, खोक्यातून काढा आणि चालू करा असं (हसू नका). काम काय तर दारावरच्या नावाच्या पाट्या, देवघराच्या दारांची जाळी, गणपतीत मखराचे तुकडे, झालंच तर भेट द्यायला वारली चित्रं कोरलेले ट्रे. लाकूड बहुतेक साग आणि पाइन, कधी एमडीएफ. बजेट ८० हजार ते १ लाख. जागा म्हणजे कासारवडवलीला फ्लॅटची बंद केलेली बाल्कनी, साधारण ७ फूट बाय ४ फूट.
तीन गोष्टींत अडकलोय. एक, ती ३०१८ नावाची छोटी मशीन जी सगळीकडे मिळते. दोन, परदेशातून मागवायची ४०४० टाइप, म्हणजे साधारण ४०० बाय ४०० मिमीचा बेड. तीन, रबाळेला एक जण लोकल बनवून देतो ६०९०, म्हणजे ६०० बाय ९०० मिमीचा बेड, तो म्हणतो "साहेब एकदाच मोठी घ्या", पण त्याचा आकडा बजेटच्या बराच वर जातोय. कुणी वापरलंय का? आणि बायकोचा प्रश्न, आवाज किती होतो?

भुसा_सम्राट:
आधी बायकोच्या प्रश्नाचं उत्तर, आवाज मशीनचा कमी, स्पिंडलचा (बिट फिरवणाऱ्या मोटरचा) जास्त, आणि सगळ्यात जास्त व्हॅक्यूमचा. ट्रिमर लावलात तर तुम्हाला माहितीच आहे तो कसा किंचाळतो, तेच सलग दोन तास ऐकायचं. वॉटर कूल्ड स्पिंडल त्यामानानं खूप शांत, पण लाकडात बिट घुसल्यावरचा आवाज राहतोच, तो कुठल्याच पैशानं जात नाही.
आता मशीन. सगळे बेडची साइज बघतात आणि तिथेच फसतात. बघायचं काय तर गॅन्ट्री (बेडवरचा आडवा पूल, ज्यावर स्पिंडल असतो) आणि झेड अ‍ॅक्सिस (स्पिंडल वरखाली करणारा भाग). मशीन बंद असताना स्पिंडलच्या खालच्या टोकाला धरून हातानं पुढेमागे जरा जोर लावा, ते हललेलं डोळ्याला दिसलं तर सागात ते नक्की थरथरणार, कडा खडबडीत येणार आणि तुम्ही सॉफ्टवेअरला शिव्या देत बसणार. ३०१८ मध्ये दोन बारीक गोल रॉडवर सगळा भार असतो, स्पिंडल म्हणजे ७७५ ची डीसी मोटर, १० हजारच्या आसपास आरपीएम, बेड ३०० बाय १८० आणि झेडला ४५ मिमी. पाइनमध्ये चालते. सागात एका पासला (एका फेरीत) अर्धा मिमीपेक्षा खोल गेलात की रडते. तुमची देवघराची जाळी तिच्यावर बसणारच नाही, दोनदा तीनदा फळी सरकवून जोडून कापावी लागेल आणि जोड दिसणार.
माझं मत, ४०४० पण अशी शोधा जिला तिन्ही अ‍ॅक्सिसला लिनिअर रेल (सरकायला जाड पोलादी पट्टी) आणि बॉलस्क्रू (आत छर्रे असलेला सरकवायचा स्क्रू) आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत चाकं पळणारी नको, त्या चाकांत भुसा चिकटतो आणि प्ले (ढिलेपणा) येतो.

टीएमटी_३ऱ्या_सीटवर:
बाल्कनीत सीएनसी?? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमच्या नावाची पाटी आधीच तयार झाली समजा 😂 दुपारी २ ते ४ चालवून बघा एकदा.

रबाळे_जॉबवर्क:
माझा रबाळे एमआयडीसीत छोटा गाळा आहे, साइनेज आणि फर्निचरवाल्यांचं कटिंग करतो, त्यामुळे मी मोठीच घ्या म्हणेन असं वाटलं असेल तर नाही. पाटीवाले दादा, तुमच्या यादीतलं मखर आधी बाजूला काढा. ३-४ मिमी एमडीएफची जाळी सीएनसी राउटरवर कापणं म्हणजे वेळेचा नाश, ते लेझरचं काम आहे, लेझरला आतले कोपरे टोकदार येतात, राउटरला बिटच्या गोलाईएवढा कोपरा गोल राहणारच, ३.१७५ चं बिट असेल तर दीड मिमीची गोलाई धराच. ते बाहेरून कापून घ्या, गणपतीच्या आधी महिनाभर मात्र कुणी फोन उचलत नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.
दुसरं, घ्यायच्या आधी थोडे दिवस डिझाइन घरी करा आणि फाइल घेऊन कुठल्याही गाळ्यात कापून घ्या. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे, कुठेही पाटी वाचत फिरलात की सापडतील. त्यात कळतं आपल्याला खरंच मशीन हवीय का डिझाइनच हवंय. बऱ्याच लोकांना दुसरंच हवं असतं.
आणि ६०९० घ्यायचीच असेल तर विकणाऱ्याचा डेमो बघू नका, डेमोला तो नेहमी अ‍ॅक्रिलिकवर मोर नाहीतर गणपती कोरून दाखवतो, त्यात काही कळत नाही. स्वतःचा सागाचा तुकडा न्या. त्याच्यावर १०० मिमीचा चौकोन आणि १०० मिमीचं वर्तुळ कापायला लावा. चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजायचे, १४१.४ यायला पाहिजेत आणि मुख्य म्हणजे दोन्ही सारखे, नाहीतर गॅन्ट्री काटकोनात नाही. वर्तुळाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे या चार जागी बोट फिरवा, तिथे अ‍ॅक्सिस दिशा बदलते, बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रू-नटमधला ढिलेपणा) असेल तर तिथे बारीक सपाट टप्पा नखाला लागतो. लागला तर नमस्कार करून निघा. "नट टाइट केला की जाईल" असं तो म्हणेल. जाऊ दे म्हणावं, गेल्यावर बोलाव मला.

पाट्यांची_ताई_नेरुळ:
३०१८ ला एवढं हाणू नका हो 🙂 मी नेरुळला घरातून पाट्या करते, त्याच मशीनवर, पोटापुरतं नाही पण मशीनचे पैसे कधीच निघाले. हळू आहे हे खरं, पण पाटी कोरायची असेल तर घाई कसली, लावून द्यायची आणि शेजारी बसून भाजी निवडायची (शेजारी बसायचंच, मशीन सोडून बाहेर जायचं नाही, बिट एका जागी घासत राहिलं की भुसा धुमसायला लागतो). फक्त घेताना काळ्या बेकेलाइटच्या फ्रेमची घेऊ नका, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमची घ्या, लिमिट स्विच (टोकाला गेल्यावर मशीन थांबवणारा) आणि इमर्जन्सी बटण असलेली.
पण मला सांगायचंय ते वेगळंच, कुणीच बोललं नाही म्हणून. मराठी पाटी करणार आहात ना, मग मशीनपेक्षा अक्षरं जास्त छळतील. यातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं की जोडाक्षरं फुटतात, "श्री" चा श वेगळा री वेगळी, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. त्यामुळे टायपिंग इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं, ते फुकट आहे आणि मराठी नीट दाखवतं. मग ऑब्जेक्ट टू पाथ, मग अनग्रुप, आणि मग युनियन. हे युनियन विसरायचं नाही, कारण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षराच्या शिरोरेषेवर थोडी चढलेली असते, स्क्रीनवर दिसत नाही पण मशीनला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात आणि व्ही-बिट (टोकदार, व्ही आकाराचं बिट) प्रत्येक सांध्यावर एक खाच पाडतं. "कुलकर्णी" कोरलं तर शिरोरेषेवर दात आल्यासारखं दिसतं. युनियन केलं की सलग रेघ येते. फॉन्ट जाड घ्या, 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे मुक्ता आणि बालू फुकट आहेत आणि कोरायला छान उतरतात. ६० डिग्रीचं व्ही-बिट, बस.

पाटीवाला_घोडबंदर:
ताई, हे कुठल्याच यूट्यूबवाल्यानं सांगितलं नव्हतं, सेव्ह करून ठेवतोय. जॉबवर्कदादा, मखर कटाप, पटलं.
पण मग आता ४०४० कडे कल होतोय. दोन शंका. तिच्यावर माझा घरातलाच ट्रिमर बसवला तर चालेल का, का वेगळा स्पिंडल आणि व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारा कंट्रोलर) घ्यावाच लागेल? आणि बाहेरून मागवताना कस्टमचं कसं असतं?

भुसा_सम्राट:
ट्रिमर चालतो, पण त्याला स्पीड कंट्रोल आहे का ते बघा. आपल्याकडचे बरेचसे स्वस्त ट्रिमर एकाच स्पीडला ३० हजार आरपीएमला फिरतात. हिशेब सोपा आहे, फीड (बिट पुढे सरकायचा वेग) भागिले (आरपीएम गुणिले दातांची संख्या). दोन दातांचं बिट, ३० हजार आरपीएम आणि छोट्या मशीनला झेपेल असा हजार मिमी पर मिनिट फीड धरला तर एक दात जेमतेम ०.०१७ मिमी लाकूड काढतो. म्हणजे कापत नाही, घासतो. लाकूड काळं पडतं, जळका वास येतो, बिटची धार जाते. तेच १२ हजारला आणलंत तर ०.०४ च्या पुढे जातं आणि भुशाची पावडर न पडता छान किस पडतो. स्पीड कंट्रोल नसेल तर एक दाताचं बिट लावा, तेवढाच दिलासा. स्पिंडल आणि व्हीएफडी नंतर घेतलात तरी चालेल, फक्त तेव्हा १६ अँपिअरचा सॉकेट आणि अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थिंग कच्चं असेल तर व्हीएफडीच्या नॉइजनं यूएसबी मध्येच तुटतं आणि अर्धी कोरलेली पाटी वाया. स्पिंडलची वायर शिल्ड असलेलीच घ्यायची.
कस्टमचं म्हणाल तर वेबसाइटवरचा आकडा विसरा. शिपिंग, ड्युटी, वर १८ टक्के आयजीएसटी, वर कुरिअरवाल्याचे क्लिअरन्सचे चार्जेस. एवढं करून कंट्रोलर बोर्ड उडाला तर तो परत पाठवणार कसा? माझ्या मित्राची बाहेरून आलेली मशीन एका स्टेपर ड्रायव्हरसाठी (अ‍ॅक्सिसची मोटर चालवणारा छोटा भाग) पूर्ण पावसाळाभर कपाटावर पडून होती, विकणाऱ्यानं मेलला उत्तरंच दिली नाहीत. त्यापेक्षा भारतातल्या विक्रेत्याकडून जीएसटी बिलावर थोडी महाग मिळाली तरी घ्या. जीआरबीएलवर (सीएनसीचं फुकट कंट्रोल सॉफ्टवेअर) चालणारी घ्या, म्हणजे बोर्ड गेला तरी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात काहीतरी जुगाड होतो.

रबाळे_जॉबवर्क:
पावसाळ्याचं निघालंच आहे तर, बाल्कनीत ठेवणार आहात आणि घोडबंदरची हवा म्हणजे विचारू नका. रेल आणि स्क्रूवर तेलाचा हात फिरवत राहा नाहीतर गंजाचे ठिपके येतात. खालचा एमडीएफचा बेड पाणी पिऊन फुगतो, पावसाळा संपला की मोठ्या बिटनं तो एकदा सपाट मारून घ्यायचा, नाहीतर पाटीचं एक टोक खोल आणि दुसरं उथळ. आणि एमडीएफची धूळ फुप्फुसाला वाईट, नुसता रुमाल बांधून भागत नाही, नीट मास्क घ्या, व्हॅक्यूमला मध्ये सायक्लोनची बादली (हवा गोल फिरवून भुसा आधीच खाली पाडणारी) लावा म्हणजे फिल्टर लगेच तुंबणार नाही.

टीएमटी_३ऱ्या_सीटवर:
मस्करी केली पण एक खरं सांगतो, मशीन थेट टाइल्सवर ठेवू नका. जाड रबर मॅट, वर जड टेबल. आवाजापेक्षा खालच्या मजल्यावर जाणारी थरथर लोकांना जास्त लागते. आमच्याकडे भांडण त्याच्यावरूनच झालं होतं, आवाजावरून नाही.

पाटीवाला_घोडबंदर:
ठरलं मग असं की आधी एक देवघराची जाळी आणि दोन पाट्या बाहेरून कापून घेतो, तोवर इंकस्केप शिकतो. मग लिनिअर रेलवाली ४०४०, इकडच्याच विक्रेत्याकडून. तुर्भेला एकाकडे डेमो पीस ठेवलाय म्हणे, शनिवारी सागाचा तुकडा घेऊन जातोय.

रबाळे_जॉबवर्क:
व्हर्नियर (मोजायचा कॅलिपर) स्वतःचा न्या. आणि बिट पण नवं न्या, नाहीतर "बिट बोथट आहे साहेब" हे उत्तर तयार असतं.

पाट्यांची_ताई_नेरुळ:
तुर्भेला येताय तर नेरुळ लांब नाही, माझी ३०१८ बघून जा. चालू असताना बघितलीत तर आवाजाचा अंदाज येईल, वहिनींनाही घेऊन या. मेसेज टाकते.